माजघराचा उंबरा आणि वायफाय

गेल्या आषाढात वाईला मामाच्या वाड्यात गेलो, तेव्हा मामाने आल्या आल्या तक्रार मांडली. "सोप्यात व्हिडिओ पळतो रे, पण हे नेट माजघराचा उंबरा काही ओलांडत नाही." राउटर सोप्यातल्या लोखंडी कपाटामागे सारलेला. मधे काळ्या दगडाची अडीच फुटी भिंत. मोबाइलवर सिग्नलची शक्ती मोजली: सोप्यात उणे ५० डीबीएम (हे त्या शक्तीचं माप; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल क्षीण), माजघरात उणे ८०. ३० चा फरक किरकोळ वाटतो, पण या मापात दर १० ला शक्ती दहापटीने घटते. म्हणजे सोप्यातल्या हजार भागांतला जेमतेम एक भाग आत पोचत होता.

मामाने सगळा दोष भिंतीच्या जाडीला दिला. ते अर्धंच खरं. वायफाय म्हणजे रेडिओलहरी, २.४ गिगाहर्ट्झला (म्हणजे सेकंदाला २.४ अब्ज कंपनांना) लहरीची लांबी सुमारे १२ सेंटीमीटर. कोरडं लाकूड, कोरडी वीट यांतून ती बऱ्यापैकी पार होते. तिचं वाकडं आहे ते पाण्याशी. पाण्याचे रेणू लहरीच्या तालावर हेलकावे खातात आणि तिची ऊर्जा उष्णता होऊन जिरते. मायक्रोवेव्हमध्ये शिळा भात गरम होतो तो असाच, आणि तोही २.४५ गिगाहर्ट्झवर! आता वाड्याची भिंत पहा: दोन्ही अंगांना दगड, पोटात मातीची भर. पावसाळ्यात जोत्यातून ओल चढली की ती भर पाणी धरून बसते. मामी म्हणालीच, "उन्हाळ्यात फोटो तरी उघडायचे." वायफायची दुसरी, ५ गिगाहर्ट्झची लहर तर अशा ओल्या भिंतीत आणखी लवकर दमते.

धातू लहर जिरवत नाही, परतवून लावतो. पत्रा, आरशामागचा मुलामा, कपाट, सगळे त्यातलेच. स्लॅबमधल्या सळ्यांना मात्र लोक उगाच बोल लावतात. त्यांच्यात १५-२० सेंटीमीटरची फट असेल, तर लहर बरीचशी निसटते; तिला जास्त अडवतं ते काँक्रीट, विशेषतः ते ओलं असताना.

भिंत काही फोडता येत नव्हती. मग राउटर कपाटामागून काढला आणि माजघराच्या दारासमोरच्या देवळीत ठेवला. दार सागवानी, कोरडं, दिवसभर उघडंच. आत आकडा उणे ६२, म्हणजे साठपटीहून जास्त शक्ती. मामीने देवळीतली पणती तेवढी कोनाड्यात हलवली.