लकव्यानंतरचे नैराश्य (ग्रामीण विदर्भ)

लकव्यानंतरचे नैराश्य : मेंदूचा रक्तपुरवठा अडून किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन पक्षाघात झालेल्या माणसाला पुढच्या आठवड्यांत वा महिन्यांत जडणारा मानसिक आजार. पक्षाघाताला विदर्भात सर्रास लकवा म्हणतात. त्यातून वाचलेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला नैराश्य आढळते. शिवाय चिंता, अनावर रडू आणि कशातच रस न उरणे हेही त्याच्या आगेमागे येतात. गावात मात्र लकव्याचा हिशेब हात उचलला का, पाय टेकला का, एवढ्यावरच होतो. मनाचे विचारायचे राहून जाते.

लकवा हा शहरी, बैठ्या माणसांचा आजार आहे हा समज गडचिरोलीने खोटा ठरवला. तेथील ‘सर्च’ संस्थेने 86 गावांतील मृत्यूंची कारणे घरोघरी जाऊन तपासली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले. सुमारे 7 मृत्यूंमागे 1. न तपासलेला, न आवरलेला रक्तदाब हे लकव्याचे सर्वांत मोठे कारण असते आणि खर्र्यासारखी तंबाखू त्यात भर घालते. जे वाचतात ते घरीच बाजेवर असतात आणि त्यांचा खरा आजार तिथून पुढे सुरू होतो.

नैराश्याची मुळे मेंदूत आणि जगण्यात, दोन्हीकडे आहेत. मेंदूला इजा झाल्यावर तेथे दाह होतो, मनःस्थिती सांभाळणाऱ्या सेरोटोनिनसारख्या रसायनांचे मार्ग तुटतात. डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा झाली तर नैराश्य अधिक येते, असा सिद्धांत 1980 नंतर बराच गाजला. पुढच्या मोठ्या आढाव्यांत तो टिकला नाही. दुसरे मूळ जगण्यात आहे. ज्याने चाळीस वर्षे वावर कसले, त्याला पाण्याचा गडवा एका हाताने धरता येत नाही. रोवणीला किंवा कापूस वेचायला जाणाऱ्या बाईची मजुरी बंद होते आणि तिच्या औषधासाठी घर उधारी काढते. “आता मी कोन्याच कामाचा नाही राहिलो,” हे वाक्य अशा घरांत ऐकू आले की ते निव्वळ दुःख म्हणून सोडून देऊ नये. ते लक्षण असू शकते.

लक्षणे ओळखणे अवघड जाते, कारण ती स्वभावात खपून जातात. माणूस आंघोळीला नको म्हणतो, अर्धी भाकर ताटात ठेवतो, रात्री तीनला जागा होतो, व्यायाम सांगितला की तोंड फिरवतो. घरचे म्हणतात, हट्टी झाला. वाचा गेलेल्या रुग्णाचे तर आणखी कठीण. नैराश्य तपासण्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली त्याच्यापुढे निरुपयोगी ठरते. त्याची झोप, भूक आणि माणसे आल्यावरची नजर यांवरूनच अंदाज बांधावा लागतो.

अनावर रडण्याकडे वेगळे पाहिले पाहिजे. ओसरीवर शेजारी येतो, “कशी हाये भाऊ तब्येत?” एवढेच विचारतो आणि रुग्णाला हुंदका फुटतो, मिनिटाभरात तो थांबतोही. कधी रडण्याऐवजी हसू येते, तेही नको त्या वेळी. भावनांना आवर घालणारी मेंदूतली यंत्रणा दुखावल्याने हे घडते. सुरुवातीच्या महिन्यांत साधारण पाचांत एकाला हा त्रास होतो आणि त्यावर औषध आहे. पण घरच्यांना वाटते, माणसे आली की याला त्रास होतो, म्हणून ते येणाऱ्याजाणाऱ्यांना हळूहळू थांबवतात. असा बोलता माणूस एकटा पडतो. हे टाळता येण्यासारखे आहे, म्हणूनच ते अधिक लागते.

नैराश्यावर सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारखी औषधे देतात. गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने बंद करायची नसतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्रावाचा धोका, वयस्क रुग्णांत सोडियम उतरण्याचा धोका डॉक्टरांनी पाहावा लागतो. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्याच औषधाने हातपाय लवकर सुधारतात, ही 2011 मधील एका चाचणीने दाखवलेली आशा 2018 आणि 2020 मधील मोठ्या चाचण्यांनी फोल ठरवली. उलट हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. म्हणजे गोळी मनासाठी द्यावी, लकव्याचा उतारा म्हणून नव्हे.

गोळीइतकेच काम महत्त्वाचे. मानसोपचारात रुग्णाला छोट्या, जमणाऱ्या कामांकडे परत वळवण्याची पद्धत आहे, आणि गावात अशा कामांना तोटा नाही: बसून तूर निवडणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, नातवाला शाळेसाठी हाक मारून उठवणे. मजुरांचा हिशेब तोंडी ठेवणारा म्हातारा अजूनही घरचा कारभारी असतो. घरातला निर्णय त्याला विचारून घेतला जातो का, यावर बरेच अवलंबून राहते.

मात्र सगळे घरच्यांवर, म्हणजे बहुतेक घरांत बायको किंवा सुनेवर, टाकून चालणार नाही. भारतातील 14 रुग्णालयांत नातेवाइकांनाच पुनर्वसन शिकवून पाहिले गेले. 2017 मध्ये आलेल्या निष्कर्षांत सहा महिन्यांनंतरचे मृत्यू किंवा परावलंबित्व कमी झालेले दिसले नाही. दिवसा मजुरी आणि रात्री सेवा करणाऱ्या बाईलाही नैराश्य येते. तिची झोप आणि तिचा रक्तदाब तपासणे हाही उपचाराचाच भाग आहे.

वाट दाखवणारे एक काम अमरावती जिल्ह्यातले. तेथे 30 गावांत गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांमार्फत नैराश्याविषयी बोलणे आणि उपचार पोचवणे सुरू झाले, तेव्हा दीड वर्षात नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. ते लकव्यासाठी नव्हते, पण रक्तदाब मोजायला घरी येणाऱ्या आशाताईला दोन प्रश्न मनाचेही विचारता येतात. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नसला तरी फोन असतोच.

मरणाची भाषा सुरू झाली तर वाट पाहू नये. शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशकाचा डबा हाताशी असतो. तो त्याच दिवशी कुलपात ठेवावा किंवा घराबाहेर हलवावा आणि रुग्णाला एकटे सोडू नये.

हातापायांची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक होते, नंतर ती मंदावते, पण थांबत नाही. नैराश्य मात्र वर्षभरानंतरही डोके वर काढू शकते आणि ते आले की रक्तदाबाच्या गोळ्या चुकतात, त्यातून दुसऱ्या लकव्याचा धोका वाढतो. म्हणून दवाखान्यातून सुटी देताना एकदा विचारून भागत नाही. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा विचारावे लागते.