चित्रपट थांबवता येत नव्हता तेव्हा

आज चित्रपटातलं एखादं दृश्य नीट कळलं नाही तर आपण दहा सेकंद मागे जातो, चौकट गोठवतो, पुन्हा बघतो. ही सोय सामान्य प्रेक्षकाच्या हाती येऊन जेमतेम पन्नास वर्षं झाली. त्याआधीची ऐंशी वर्षं समीक्षक अंधारात बसून एकदा, फार तर दोनदा चित्रपट बघत आणि आठवणीवर लिहीत. तत्त्वज्ञ स्टॅनली कॅव्हेल यांचं चित्रपटावरचं १९७१ चं पुस्तकही बहुतांशी असंच लिहिलेलं आहे; तपशिलाच्या चुका झाल्याचं त्यांनी मोकळेपणाने मान्यही केलं. कथा, पात्रं आणि दृश्यशैली यांतून आशय कसा उभा राहतो हे तपासायच्या ज्या पद्धती आज शिकवल्या जातात, त्यांच्या घडणीत या अडचणीचा वाटा मोठा आहे.

आठवणीत टिकते ती कथा. त्यामुळे सुरुवातीच्या काळात चित्रपटाचा आशय म्हणजे गोष्टीचं तात्पर्य, असंच धरून चालत. याला पहिला नीट छेद दिला तो हार्वर्डमधले मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी, १९१६ मध्ये. त्यांचं म्हणणं असं, की क्लोज-अप हे आपल्या मनातल्या अवधानाचं दृश्य रूप आहे आणि फ्लॅशबॅक हे स्मरणाचं. रंगमंचावर नटाच्या मुठीतली चिठ्ठी प्रेक्षकाला स्वतः हेरावी लागते. पडद्यावर ते हेरण्याचं काम कॅमेरा आधीच करून ठेवतो. म्हणजे काय दाखवलं याइतकंच, कशाकडे बघायला लावलं हेही आशयाचा भाग ठरतं.

मॉस्कोतल्या १९१९ साली सुरू झालेल्या चित्रपटशाळेत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह हेच संकलनाच्या बाजूने तपासत होते. नट इव्हान मोझ्झुखिन यांचा एकच निर्विकार चेहरा त्यांनी वेगवेगळ्या शॉटना (कॅमेऱ्याने सलग टिपलेल्या तुकड्यांना) जोडला. त्यांचे शिष्य, दिग्दर्शक पुदोव्किन यांच्या वर्णनानुसार ते शॉट होते सूपची थाळी, शवपेटीतली स्त्री आणि खेळणारी लहान मुलगी. बघणाऱ्यांनी त्या एकाच चेहऱ्यात भूक, दुःख आणि माया वाचली. प्रयोगाची मूळ फिल्म उरलेली नाही, आणि खुद्द कुलेशोव्ह यांची आठवण पुदोव्किन यांच्याशी पुरती जुळत नाही. तेव्हा पाठ्यपुस्तकांत हा प्रयोग जितक्या ठामपणे सांगतात तितका ठामपणा बरा नव्हे. त्यातून निघालेली कसोटी मात्र आजही कामाची आहे: पात्राची भावना नटाच्या चेहऱ्यात आहे की शेजारच्या शॉटमध्ये, हे ठरवायचं असेल तर शेजारचा शॉट झाकून बघा.

जर्मनीत तोवर कॅमेराच जागचा हलला होता. दिग्दर्शक मुर्नाऊ यांच्या १९२४ च्या ‘द लास्ट लाफ’ची कथा एका ओळीत संपते: मोठ्या हॉटेलच्या दारावरच्या म्हाताऱ्या दरवानाचा गणवेश जातो आणि त्याला खाली स्वच्छतागृहात कामाला लावतात. संवादाच्या पाट्या नाहीत, त्यामुळे सगळा भार दरवान झालेल्या एमिल यानिंग्ज यांच्या पाठीवर. गणवेशात ती ताठ, गणवेश उतरला की वाकलेली. हॉटेलचं फिरतं दार, खाली उतरणारा जिना, छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड यांच्या अंगाला बांधलेला कॅमेरा. प्रतिष्ठा अंगावरच्या कापडात असते हे वाक्य कुणी उच्चारत नाही, पण चुकूनही निसटत नाही. कथा, पात्र आणि शैली वेगवेगळी काढून दाखवायची असतील तर अभ्यासाला याहून सोपा मूकपट मिळणं कठीण.

याच जर्मन चित्रपटांवर १९४७ मध्ये समीक्षक सीगफ्रीड क्राकाउअर यांनी वादळी पुस्तक लिहिलं. ‘डॉ. कॅलिगारी’ या १९२० च्या चित्रपटापासून हिटलर सत्तेवर येईपर्यंतच्या चित्रपटांत समाजाची हुकूमशाहीकडे झुकलेली मनोवृत्ती दिसते, असा त्यांचा दावा होता. कल्पना मोठी, चित्रपट स्वतःला ठाऊक नसलेलंही बोलून जातो, हे त्यांच्यामुळे ठसलं. पण शेवट माहीत असलेला माणूस मागे वळून खुणा शोधू लागला की त्या सापडतातच. एखादा चित्रपट आपलं म्हणणं खोटं पाडू शकेल का, हा प्रश्न या पद्धतीला विचारता येत नाही. ‘काळाचं प्रतिबिंब’ म्हणून लिहिलेल्या आजच्या अनेक लेखांत हाच दोष जसाच्या तसा आढळतो.

फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी नजर पुन्हा शॉटच्या आत वळवली. ‘सिटिझन केन’ (१९४१) मधलं बर्फातलं बालपण घ्या. कॅमेरा बाहेर खेळणाऱ्या मुलावरून मागे सरत खिडकीतून खोलीत येतो आणि टेबलापाशी थांबतो. पुढे आई आणि बँकवाला, मुलाला त्याच्याकडे सोपवण्याच्या कागदपत्रांवर, मधे कुरकुरणारा बाप, आणि पार मागे, खिडकीच्या चौकटीत ठिपक्याएवढा मुलगा. छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांनी तिन्ही थर स्पष्ट ठेवले. मुलाचं आयुष्य ज्यांच्या सहीने बदलतंय ते मोठे दिसतात आणि ज्याचं बदलतंय तो सगळ्यात लहान. बाप खिडकी बंद करतो, आई ती पुन्हा उघडते. मुलाचा आवाज तुटतो आणि परत येतो. हाच प्रसंग चार क्लोज-अपमध्ये तोडला असता तर कथा तीच राहिली असती, पण निर्णय आणि त्याचा बळी एकाच वेळी दिसले नसते. बाझँ यांचा आग्रह नेमका या ‘एकाच वेळी’वर होता.

पुढची दहा-पंधरा वर्षं दिग्दर्शकाच्या ‘सही’ची, म्हणजे त्याच्या सगळ्या चित्रपटांवर दिसणाऱ्या वैयक्तिक छापाची. फ्रान्सवा त्रूफो यांचा लेख १९५४ चा, अँड्रू सॅरिस यांची अमेरिकेतली मांडणी १९६२ ची, पॉलीन केल यांचा तिच्यावरचा खरमरीत हल्ला १९६३ चा. या वादातून एकाच माणसाचे अनेक चित्रपट शेजारी ठेवून बघायची सवय लागली. जी गोष्ट दोनदा दिसली ती आशयसूत्रच, अशी वाईट खोडही लागली.

खरा बदल झाला तो अभ्यासक संकलनाच्या टेबलापाशी, म्हणजे फिल्म हवी तिथे थांबवून मागेपुढे नेता येणाऱ्या यंत्रापाशी, पोचला तेव्हा. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट. टेबलावरचा फुटांचा आकडा वाचून शॉट किती सेकंदांचा हे नक्की सांगता येऊ लागलं. क्रिस्तियाँ मेत्झ यांनी दृश्यांच्या जोडणीचे आठ प्रकार मांडले, रेमों बेलूर यांनी हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’मधला एकच प्रसंग शॉटगणिक सोलून काढला. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये विचारलं, की कॅमेरा कुणाच्या नजरेने बघतो आणि बाई कुणासाठी दिसते. बॅरी सॉल्ट यांनी १९७४ मध्ये मोजणीच सुरू केली: चित्रपटाचे सेकंद भागिले शॉटची संख्या, म्हणजे शॉटची सरासरी लांबी. सहा सेकंदांच्या सरासरीच्या चित्रपटात चाळीस सेकंदांचा शॉट आला तर तिथे थांबून बघावं, इतकी साधी ही युक्ती. नुसत्या सरासरीवरून आशय सांगू गेलं की फसगत ठरलेली.

१९७६ मध्ये घरी कॅसेटवर चित्रपट बघायचं व्हीएचएस आलं. टेबल घरात आलं खरं, पण फसवं. २.३५ः१ रुंदीचा चित्रपट जुन्या ४ः३ पडद्यावर भरायचा तर सुमारे ४३ टक्के चित्र कापलं जाई. रुंद चौकटीच्या दोन टोकांना बसलेले नवरा-बायको, त्यांच्यामधली रिकामी जागा हाच आशय. कॅसेटवर त्यातलं एकच माणूस दिसे, नाहीतर मुळात नसलेला कट घालून दोघं आळीपाळीने. असे कट मोजून दिग्दर्शकाच्या ‘अस्वस्थ संकलना’बद्दल लिहिणं अगदी शक्य होतं. त्यात टीव्हीच्या ‘पाल’ पद्धतीत २४ चौकटींची फिल्म २५ च्या वेगाने धावे: १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपे, आवाज किंचित चढा होई आणि सरासरी सहा सेकंदांची ५.७६ होई. आकडे देताना प्रत कोणती ते लिहायची पद्धत याच घोळातून रुजली.

चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांनी १९८९ मध्ये या सगळ्या अर्थ लावण्याचाच हिशेब मांडला. अर्थाचे चार थर त्यांनी धरले: पडद्यावरच्या जगाचा सरळ संदर्भ, चित्रपट उघड सांगतो तो अर्थ, सुचवतो तो, आणि नकळत उघड करतो तो. त्यांची तक्रार अशी, की समीक्षक पहिल्या दोन थरांवर न रेंगाळता थेट तिसऱ्या-चौथ्यावर उडी मारतात, आणि मग कुठल्याही चित्रपटातून ठरलेलंच उत्तर निघतं. तक्रार रास्त आहे, फक्त बॉर्डवेल यांना अर्थ लावण्याचाच थोडा कंटाळा होता, असंही वाटून जातं.

चौकट सहज गोठवता येऊ लागल्यावर नवीच चूक शिरली. एक दृश्य विरघळून दुसरं उमटतं तेव्हा २४ चौकटींच्या त्या सेकंदात अधल्यामधल्या एखाद्या चौकटीवर थांबलं, तर मरणाऱ्याच्या चेहऱ्यावर झाडाची फांदी नेमकी ख्रिस्ताच्या काट्यांच्या मुकुटासारखी बसलेली सापडू शकते. चालत्या चित्रपटात ती १/२४ सेकंद होती. म्हणून असा पुरावा मांडण्याआधी त्याच्या अलीकडचे-पलीकडचे दहा सेकंद न थांबवता चालवून बघतात. मुकुट तेव्हाही जाणवला तरच तो टिपणात राहतो.