ट्रायग्लिसराइड वाढलंय: स्टॅटिन की फेनोफायब्रेट?

रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, २६० आलं की ठरलेली तक्रार सुरू होते: "डॉक्टरांनी स्टॅटिन लिहून दिलंय, ते तर कोलेस्टेरॉलचं औषध. ट्रायग्लिसराइडची गोळी दिलीच नाही." मग कुणाच्या तरी सांगण्यावरून मेडिकलमधून परस्पर फेनोफायब्रेट येतं, दोन महिन्यांत आकडा दीडशेवर उतरतो, आणि 'आता दोन-दोन गोळ्या कशाला' म्हणून स्टॅटिन बंद होतं. म्हणजे कामाची गोळी गेली आणि दिखाऊ राहिली.

स्टॅटिन सगळ्यांना ठाऊक आहे. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, ३० ते ५० टक्के उतरवतं, ट्रायग्लिसराइड १० ते ३० टक्के. फेनोफायब्रेट ट्रायग्लिसराइड ३० ते ५० टक्के खाली आणतं. नुसते आकडे पाहिले तर फेनोफायब्रेटच जिंकतं, आणि घोळ इथेच होतो. आकडा उतरवायचा कशासाठी, हे कुणी विचारत नाही.

५००च्या आत काळजी असते हृदयविकाराची. रक्तवाहिनीच्या भिंतीत जाऊन बसतं ते कोलेस्टेरॉल. ट्रायग्लिसराइड वाढलेलं असणं ही बरेचदा असे कोलेस्टेरॉलवाहू कण जास्त असल्याची खूण असते. स्टॅटिन ते कण कमी करतं. फायब्रेट (फेनोफायब्रेट ज्या गटातलं, ती औषधं) कणांतलं ट्रायग्लिसराइड कमी करतं, कण फारसे कमी होतातच असं नाही. २०१० साली अ‍ॅकॉर्ड चाचणीत मधुमेहींना स्टॅटिनच्या जोडीला फेनोफायब्रेट देऊन पाहिलं. एकूण रुग्णांत हृदयविकाराचे झटके वगैरे कमी झाले नाहीत. २०२२च्या प्रॉमिनंट चाचणीत पेमाफायब्रेट या त्याच गटातल्या औषधाने ट्रायग्लिसराइड चांगलं पाव हिश्शाने उतरवलं, तरी झटके तेवढेच. एलडीएल उलट वाढलं. तेव्हा २६०वाल्याला स्टॅटिन दिलं तर डॉक्टर चुकलेले नाहीत.

५००च्या वर चित्र पालटतं, हजारापुढे तर साफच. आता पहिली भीती स्वादुपिंडाला सूज येण्याची. रक्त इतकं चरबीने भरतं की नमुन्याची नळी रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवली तर वर सायीसारखा थर धरतो. इथे आकडा उतरवणं हेच काम, आणि ते एकट्या स्टॅटिनला झेपत नाही; बहुधा फेनोफायब्रेट लागतं. लिपिड प्रोफाइलमधलं एलडीएल बहुधा गणिताने काढलेलं असतं. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की ते गणित चुकतं, म्हणून त्या रिपोर्टातलं 'एलडीएल नॉर्मल' पाहून निश्चिंत होऊ नये.

दोन्ही एकत्र घेता येतात, डॉक्टरांच्या देखरेखीत. मात्र फायब्रेट म्हणजे फेनोफायब्रेटच. जेमफायब्रोझिल हे दुसरं फायब्रेट आणि स्टॅटिन ही जोडी स्नायू वितळवू शकते, ती नकोच. फेनोफायब्रेटची १६० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबत घ्यायची, नाहीतर नीट शोषली जात नाही. १४५च्या गोळीला ही अट नाही. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) तपासायचं. मूत्रपिंड फार अधू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील तर हे औषध नाही.

फिश ऑइलबद्दल थोडक्यात: दुकानातल्या १००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचं ओमेगा-३ फक्त ३०० मिलिग्रॅम. उपचाराचा डोस रोज चार ग्रॅमच्या आसपास. रोज एक कॅप्सूल घेऊन ट्रायग्लिसराइडला ढिम्म फरक पडत नाही.

राहिलं पथ्य. २६०वाला तूप सोडतो आणि चहात दोन चमचे साखर, उसाचा रस, एकादशीला भरपेट साबुदाण्याची खिचडी चालू ठेवतो. यकृत ट्रायग्लिसराइड जास्त बनवतं ते याच साखर-पिठुळामुळे, आणि दारूमुळे. आधी ते तोडा; वजन पाच-दहा टक्के उतरलं तर ट्रायग्लिसराइड साधारण वीस टक्के उतरतं. तेल-तूप अगदी हात राखून वापरायची वेळ हजारापुढच्यांची, आणि त्यांना दारू पूर्ण बंद.

कुठलीही गोळी सुरू करण्यापूर्वी रक्तातली साखर आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) बघून घ्या. मधुमेह हाताबाहेर असेल किंवा थायरॉइड मंद असेल, तर त्यावरच्या उपचारानेच निम्मं काम होतं. रक्त परत द्यायचं ते बारा तास उपाशीपोटी, पाणी चालेल, आदल्या दोन-तीन दिवसांत दारू नाही. लग्नाच्या पंगतीतून उठून दुसऱ्या दिवशी सकाळी दिलेल्या रक्तावर औषध ठरवू नका.