कॅमेरा बॅकपॅक आणि क्यूब घातलेली सॅक: खानदेशातल्या छायाचित्रकाराने कोणती घ्यावी

जळगाव किंवा धुळ्याच्या दुकानात पाठीवरची कॅमेरा बॅग मागितली, तर समोर येणाऱ्या बॅगा दोन वेगळ्या जातींच्या असू शकतात. पहिली खास कॅमेऱ्यासाठी शिवलेली बॅकपॅक. तिच्या भिंती, तळ आणि झाकण फोमचे असतात आणि आतली सगळी जागा वेल्क्रोने सरकवता येणाऱ्या कप्प्यांनी व्यापलेली असते. दुसरी मुळात ट्रेकिंगसाठी किंवा लांबच्या प्रवासासाठी बनवलेली सॅक. तिच्यात फोमची एक सुटी पेटी, म्हणजे क्यूब, ठेवून कॅमेरा नेता येतो. बाहेरून पाहता दोन्ही गडद रंगाच्या, तीस-चाळीस लिटरच्या, छातीपट्टा आणि रेन कव्हर असलेल्या दिसतात, त्यामुळे ग्राहक खिसे मोजून आणि किंमत पाहून निवड करतो. वास्तविक पहिलीची रचना वस्तूंना धक्क्यापासून वाचवण्यासाठी केलेली असते, तर दुसरीची रचना ओझे माणसाच्या शरीरावर नीट बसावे यासाठी. टिकाऊपणाची कसोटीही त्यामुळे दोन्हींना वेगवेगळी लावावी लागते.

गंमत अशी, की या दोन्ही घराण्यांचा मूळपुरुष एकच आहे. सॅकच्या आत पाठीलगत फ्रेम बसवण्याची पद्धत ग्रेग लोव या अमेरिकी गिर्यारोहकाने १९६७ मध्ये रूढ केली आणि लोवेप्रो हे कॅमेरा बॅगांचे प्रसिद्ध नावही त्याच्याच आडनावावरून आले. पुढे मात्र दोन्ही वाटा लांब गेल्या.

हिवाळ्यात हतनूर धरणाच्या पाणथळीवर स्थलांतरित बदके टिपायला जाणाऱ्याचे उदाहरण घेऊ. निकॉन डी८५० कॅमेऱ्याची बॉडी, म्हणजे लेन्सविना कॅमेरा, बॅटरी आणि कार्डासह सुमारे एक किलो, २००-५०० मिमीची लेन्स २.३ किलो, दुसरी छोटी लेन्स, बॅटऱ्या आणि ट्रायपॉड धरून सहा-सात किलो सामान होते. गाडी काठाजवळ जाते, पायी चालणे थोडे असते आणि संध्याकाळी माणूस भुसावळला परत येतो. सामानात कॅमेऱ्याखेरीज पाण्याची बाटली आणि डबा एवढेच. येथे कॅमेरा बॅकपॅकला तोड नाही. चेन उघडताच प्रत्येक वस्तू आपल्या जागी दिसते, लेन्स बदलताना काही शोधावे लागत नाही आणि बॅग जीपच्या मागच्या भागात आदळली तरी चारही बाजूंचा फोम धक्का झेलतो. दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारातही हीच बॅग सोयीची, विशेषतः पाठीच्या बाजूने उघडणारी. तिची मुख्य चेन अंगाला टेकलेली असल्याने गर्दीत मागून कोणी हात घालू शकत नाही. शिवाय ती जमिनीवर पालथी ठेवून उघडावी लागते, त्यामुळे पाठीला लागणारी बाजू धुळीपासून वाचते.

आता दिवाळीतली अस्तंब्याची यात्रा पाहा. धडगाव परिसरातले हे सातपुड्याचे शिखर सुमारे १,३०० मीटर उंचीचे आहे आणि भाविक ते पायी चढतात. तेथे छायाचित्रकाराला पांघरूण, गरम कपडे, शिधा, टॉर्च आणि दोन-तीन लिटर पाणी न्यावे लागते. कॅमेऱ्याचा वाटा एकूण ओझ्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच असतो. कॅमेरा बॅकपॅक येथे दोन ठिकाणी कमी पडते. जाड फोममुळे तीस लिटरची मोठी बॅग रिकामी असतानाच दोन ते अडीच किलो भरते आणि आतली बरीच जागा भिंतीच खाऊन टाकतात. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. बहुतेक कॅमेरा बॅगांचा कमरपट्टा म्हणजे बॅग हलू नये म्हणून दिलेली एक अरुंद पट्टी असते. ती वजन कमरेवर उतरवत नाही.

चांगल्या ट्रेकिंग सॅकमध्ये कमरपट्टा जाड आणि ताठ असतो आणि पाठीलगतची फ्रेम बरेचसे वजन त्याच्यापर्यंत पोहोचवते. हे काम नीट व्हायचे, तर सॅक पाठीच्या मापाची हवी. मान खाली झुकवल्यावर मानेच्या तळाशी जे हाड ठळक लागते, तेथपासून दोन्ही कमरेच्या हाडांचे वरचे टोक जोडणाऱ्या रेषेपर्यंतचे अंतर हे ते माप. उंची आणि हे माप एकच नव्हे. ट्रेकिंग सॅकांत हे माप बदलता येण्याची किंवा लहान-मोठे आकार निवडण्याची सोय असते, कॅमेरा बॅगांत ती क्वचितच आढळते. पंधरा मिनिटांच्या चालण्यात हा फरक जाणवत नाही, परंतु चढणीच्या तिसऱ्या तासाला खांद्यांना तो नेमका कळतो.

क्यूबसाठी सॅक घेताना एक गोष्ट हमखास निसटते. फक्त वरून उघडणाऱ्या सॅकमध्ये क्यूब तळाशी गेला, की कॅमेरा काढायला अर्धे बिऱ्हाड बाहेर मांडावे लागते. म्हणून समोरचा किंवा पाठीचा भाग पूर्ण उघडणारी, निदान बाजूने चेन असलेली सॅकच या कामाची. बाकी सगळे गुण असूनही ही सोय नसेल, तर मी ती घेऊ नये असेच म्हणेन.

टिकाऊपणाकडे वळायचे, तर सर्वांत आधी चेन पाहावी. कॅमेरा बॅकपॅकला तीन बाजूंनी फिरणारी लांबलचक चेन असते, आणि बॅग ठासून भरून हातात उचलली, की आतल्या सामानाचा ताण सरळ तिच्या दात्यांवर येतो. वरून दोरीने आवळायच्या ट्रेकिंग सॅकला एवढी चेनच नसते, तर पुढून उघडणाऱ्या सॅकमध्ये बाजूचे आवळपट्टे ताणाचा काही भाग स्वतःवर घेतात. म्हणून कॅमेरा बॅगेचे आयुष्य बहुतांशी तिच्या चेनचे आयुष्य असते. मुख्य चेन आठ किंवा दहा क्रमांकाची असावी. हा क्रमांक ढोबळमानाने बंद चेनच्या दात्यांची मिलिमीटरमधली रुंदी सांगतो. पाच क्रमांकाची चेन बाहेरच्या खिशापुरती ठीक आहे. आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ चेनमध्ये बसली, की दात्यांच्या आधी रनर झिजतो आणि चेन मागून उघडी पडू लागते. तेव्हा संपूर्ण चेन बदलण्याची घाई करू नये. बॅगा दुरुस्त करणारा कारागीर नवा रनर घालून देतो आणि बहुतेक वेळा तेवढे पुरते. जुन्या दात-ब्रशने चेन झाडत राहिल्यास ती वेळही लांबते.

कापडाबाबत दोन्ही बॅगांवर एकच आकडा मिरवतो, तो म्हणजे डेनियर. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन, एवढाच त्याचा अर्थ. ६०० डेनियर म्हणजे धागा जाड आहे एवढे कळते, पण तो कशाचा आहे हे कळत नाही. सारख्या डेनियरमध्ये नायलॉन पॉलिस्टरपेक्षा ओढीला आणि घासण्याला अधिक तग धरते. पॉलिस्टर मात्र उन्हात कमी खराब होते आणि पाणीही कमी शोषते. त्यामुळे ज्याची बॅग मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीकडे जात असताना, तासन्‌तास उघड्यावर पडून असते, त्याला दाट विणीचे पॉलिस्टर वाईट नाही. सातपुड्यातल्या दगडांवर आणि काटेरी झुडपांतून नेण्यासाठी नायलॉनच घ्यावे. आतल्या बाजूला पाणी अडवण्यासाठी दिलेला पॉलियुरेथेनचा थर दमट आणि उष्ण जागेत वर्षागणिक विघटित होतो, चिकट होतो आणि पापुद्रे धरून सुटतो. पावसाळाभर माळ्यावर कोंबून ठेवलेली बॅग न वापरताही खराब होते, ती या कारणाने.

शिलाई तपासण्याचा मार्ग सोपा आहे. खांद्याचा पट्टा बॅगेला जेथे जोडला आहे, तेथे आडव्या-उभ्या दाट टाक्यांची शिलाई असावी आणि पट्ट्याचे टोक नुसते कडेला न शिवता शिवणीच्या आत घेतलेले असावे. दुकानात आपले सामान भरून बॅग एका पट्ट्यावर उचलली आणि शिवणीच्या जागी कापड ताणून टाक्यांची भोके दिसू लागली, तर ती बॅग तेथेच परत ठेवावी.

पावसाच्या बाबतीत क्यूबची बाजू वरचढ ठरते. रेन कव्हर पुढचा भाग झाकते. पाठ आणि बॅग यांच्या मधून ओघळणारे पाणी त्याला अडवता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तोरणमाळला सीताखाईपाशी धबधबा टिपायला जाणाऱ्याने क्यूबच जाड, तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीत ठेवला, तर बाहेरची सॅक भिजली तरी कॅमेरा कोरडा राहतो. घरी आल्यावर क्यूब काढून पंख्याखाली मोकळा वाळवता येतो. कॅमेरा बॅकपॅकचा फोम मात्र अस्तरात शिवलेला असतो, तो आतून सुकायला फार वेळ घेतो, आणि अशा ओलसर बॅगेत ठेवलेल्या लेन्सवर बुरशी धरते. क्यूब निवडताना मात्र बंद पेशींचा फोम पाहावा. बोटाने दाबल्यावर लगेच पूर्ववत होणारा, स्पंजासारखे पाणी न पिणारा फोम तो. स्पंजी फोम काही काळाने चपटा होतो. कॅमेरा बॅगेत तसे झाले तर सगळी बॅगच निकामी ठरते. सॅकवाल्याला नवा क्यूब घेऊन भागवता येते.

विमानाने जाणाऱ्यांसाठी एवढेच, की देशांतर्गत प्रवासात केबिन बॅगेची मर्यादा साधारणपणे सात किलो असते. सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागत असल्यामुळे कॅमेऱ्याचे सामान जवळ ठेवणे भाग आहे. अडीच किलोची रिकामी कॅमेरा बॅकपॅक त्या सातातला तिसरा हिस्सा आधीच घेऊन बसते. सॅक चेक-इन सामानात टाकून क्यूब हातात नेणे हा त्यावरचा मार्ग आहे. त्यासाठी क्यूबला स्वतःची चेन आणि मूठ असावी.

क्यूबच्याही मर्यादा आहेत. सोनीची २००-६०० मिमीची लेन्स एकटीच ३१.८ सेंटिमीटर लांब आहे आणि बॉडी जोडून ठेवायची म्हटली, तर सुमारे ३७ सेंटिमीटरची मोकळी लांबी लागते. मध्यम आकाराच्या क्यूबमध्ये ती बसत नाही, आणि बॉडी काढून ठेवली, तर समोरचा पक्षी जोडाजोड होईपर्यंत थांबत नाही. जो मुख्यतः पक्षी टिपतो आणि गाडीपासून फार दूर जात नाही, त्याने सरळ उंच पोटाची कॅमेरा बॅकपॅक घ्यावी. जो होळीला सातपुड्यातल्या काठी या गावासारख्या ठिकाणी दोन-तीन दिवस राहतो, एक बॉडी आणि दोन छोट्या लेन्सवर काम करतो, त्याने चाळीस-पंचेचाळीस लिटरची, पुढून उघडणारी सॅक आणि तिच्या खालच्या अर्ध्या भागात बसेल असा क्यूब घ्यावा. दोन्ही कामे एकाच माणसाला करायची असतील, तर मी आधी सॅकवर खर्च करायला सांगेन, कारण तिच्यात पुढे मोठा क्यूब घालता येतो, पण कॅमेरा बॅकपॅकला नंतर फ्रेम बसवता येत नाही.