तीन बिंदूंचा हट्ट

रेषीय समीकरणाच्या, म्हणजे सरळ रेषा देणाऱ्या समीकरणाच्या, आलेखाला तीन बिंदू लागतातच, हा समज आपल्या विदर्भातल्या खेड्यापाड्यांत शिकवणीपासून घरच्या अभ्यासापर्यंत पक्का बसलाय. खरं तर दोन वेगळे बिंदू पुरतात, कारण त्यांतून एकच रेषा जाते. तिसरा असतो पडताळ्यासाठी.

समजा, हिंगणघाटच्या बाजारात कापूस न्यायला गाडीवाला ठरलेले 200 रुपये आणि वर क्विंटलमागे 50 रुपये घेतो. क्विंटल क्ष आणि एकूण भाडं य धरलं, तर य = 50क्ष + 200. क्ष 0 असताना य 200, क्ष 10 असताना 700. ओढा रेषा. बिंदू मात्र लांबलांबचे घ्या. जवळच्या बिंदूंत पेन्सिल जराशी हलली की पुढे रेषा भलतीकडेच जाते. आता 4 क्विंटलला 400 येतात, तो बिंदू रेषेवर बसला का बघा. नाही बसला तर कुठंतरी चुकलंय. बसला तरी निर्धास्त होऊ नका: अधिकच्या जागी प्रत्येक वेळी वजा केलं, तरी तिन्ही बिंदू एका रेषेत येतात, फक्त रेषा चुकीची!

आणि पोट्टेहो, बिंदू पूर्णांकांतच हवेत हेही खोटं. अडीच क्विंटलचे 325 रुपये त्याच रेषेवर सापडतात.