बहामियन पुढे की आफ्रिकन? या तुलनेमागचा इतिहास

अमेरिकेत बाहेरून आलेल्या कृष्णवर्णीय लोकांच्या कमाईची तुलना निघाली की एका बाजूला बहामा-जमैकाकडचे लोक ठेवतात, दुसऱ्या बाजूला नायजेरिया, घाना, इथिओपिया, सोमालिया असा सगळा आफ्रिका एकाच ओळीत, आणि कोणाचं कुटुंबाचं उत्पन्न जास्त हे बघून निकाल लावून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. कारण यातला एक समाज शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी होडीतून आला आणि दुसरा बराचसा गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत विमानातून. मधल्या काळात अमेरिकेचे कायदेच बदलून गेले. कोण कधी आलं आणि तेव्हा कुठलं दार उघडं होतं हे बाजूला ठेवलं तर त्या आकड्यांना काही अर्थच उरत नाही.

आधी बहामाचं बघू. बहामा तसं कॅरिबियन समुद्रात नाही, अटलांटिकमध्ये आहे, आणि त्यातलं बिमिनी बेट मायामीपासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात हरलेले ब्रिटिशनिष्ठ मळेवाले १७८३ नंतर आपले गुलाम घेऊन तिथे गेले, कापूस लावला, पण जमीन म्हणजे चुनखडीच्या खडकावर मातीचा पातळ थर, तो किती पुरणार? काही वर्षांतच कापूस बसला. १८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपली तरी लोकांच्या हातात रोकड आलीच नाही, कारण समुद्रातून स्पंज काढायला जाणाऱ्या खलाशाला आधी व्यापाऱ्याकडून पीठ, कपडे उधारीवर घ्यावे लागायचे आणि हंगाम संपल्यावर हिशोब केला की उलट तोच देणेकरी निघायचा. सावकाराच्या वहीत पिढ्यानपिढ्या नाव असणं म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

म्हणून मग लोक निघाले. आधी फ्लोरिडाच्या टोकाच्या ‘की वेस्ट’ बेटावर, तिथे स्पंजचं आणि फुटलेल्या जहाजांवरचा माल काढायचं काम होतं, नंतर मायामीच्या बाजूला, जिथे तेव्हा शहर असं नव्हतंच. १८८० च्या दशकात कोकोनट ग्रोव्हमध्ये पीकॉक नावाच्या इंग्रज जोडप्याने हॉटेल काढलं आणि तिथे काम करायला बहामियन बायका-पुरुष आले. मरायह ब्राउन ही त्यातली एक, हॉटेलात कपडे धुण्याचं काम करायची, आणि तिने जवळच जागा घेऊन स्वतःचं घर बांधलं. त्या रस्त्याला आज चार्ल्स अ‍ॅव्हेन्यू म्हणतात. त्याच रस्त्यावर १८९७ मध्ये इबेनेझर स्टिरप या माणसाने आपलं दुमजली लाकडी घर उभं केलं. हा बहामातल्या हार्बर आयलंडला जन्मलेला, पोरगेलेशा वयात फ्लोरिडात आलेला सुतार, मिळेल तशी जमीन घेत गेला आणि पुढे शंभरावर घरं बांधून आपल्याच लोकांना भाड्याने आणि विकत दिली. बहामियन लोकांच्या सुबत्तेचा पाया इथे आहे, जमीन आणि घर. पगार म्हणाल तर फारसा नव्हताच.

आणि त्यांच्याकडे एक कसब होतं जे तिथल्या गोऱ्या कंत्राटदारांकडे नव्हतं. मायामीची जमीनही बहामासारखीच चुनखडीची, त्यामुळे हा दगड कसा फोडायचा, भिंत कशी रचायची, या खडकात झाड कसं जगवायचं हे बहामियन माणसाला लहानपणापासून माहीत. मायामीतले जुने बंगले, दगडी कुंपणं, बागा यात त्यांचा हात आहे. रेल्वे आल्यावर जुलै १८९६ मध्ये मायामीला शहराचा दर्जा घ्यायचा होता, त्यासाठी किमान ३०० मतदार लागत होते, तेवढे गोरे काही जमेनात. साडेतीनशेच्या आसपास पुरुषांनी मत दिलं, त्यातले दीडशेच्या वर कृष्णवर्णीय होते आणि त्यात बहामियन बरेच. शहर झालं आणि मग त्याच लोकांना रुळांच्या पलीकडे ‘कलर्ड टाउन’मध्ये ढकललं, पुढे मतदानातूनही बाहेर काढलं. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हीच.

तरी ओघ थांबला नाही. १९०० ते १९२० या वीस वर्षांत दहा-बारा हजार लोक फ्लोरिडाला गेले, म्हणजे बहामाच्या लोकसंख्येचा जवळपास पाचवा हिस्सा. १९२० च्या जनगणनेत मायामीतल्या कृष्णवर्णीयांपैकी ५२ टक्के बाहेरून, बहुतेक बहामातूनच, आलेले होते. हे लोक स्वतःला ब्रिटिश प्रजा म्हणवायचे, पोलिसांनी मारलं तर ब्रिटिश व्हाइस कॉन्सुलकडे तक्रार घेऊन जायचे, आणि ‘गोऱ्याला बघून फुटपाथवरून खाली उतर’ हा दक्षिणेतला रिवाज त्यांच्या अंगवळणी पडलेला नव्हता. त्याची किंमत मोजावी लागली. १९२१ मध्ये कोकोनट ग्रोव्हमधल्या एका बहामियन धर्मगुरूला रात्री मुखवटेवाल्यांनी पळवून नेऊन गाव सोडायला लावलं. १९२६ च्या चक्रीवादळाने मायामीतली जमिनींची तेजी जमीनदोस्त केली, तेव्हा खूप जण परत बेटावर गेले.

येणं-जाणं किती सहज होतं बघा. सिडनी पॉइटियर या मोठ्या नटाचा जन्म १९२७ मध्ये मायामीत झाला तो केवळ आईवडील बहामातल्या कॅट आयलंडवरून टोमॅटो विकायला आले होते म्हणून, आणि पोर दिवस भरायच्या आधीच झालं. तेवढ्यामुळे तो जन्माने अमेरिकन. वाढला मात्र बेटावर, अगदी गरिबीत.

दुसऱ्या महायुद्धात परत माणसं लागली. जून १९४२ मध्ये नासाऊत, म्हणजे बहामाच्या राजधानीत, विमानतळाच्या कामावरच्या मजुरांनी कमी मजुरीवरून दंगा केला, त्याला तिथे ‘बर्मा रोड’ दंगल म्हणतात, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेशी करार होऊन हजारो बहामियन शेतमजूर म्हणून जायला लागले. बहामात अजूनही त्याला नुसतं ‘द कॉन्ट्रॅक्ट’ म्हणतात. मजुरीतला काही भाग सक्तीने कापून घरी बचत म्हणून पाठवला जायचा, त्यातून बेटांवर घरं झाली, होड्या झाल्या, मुलं शाळेत गेली. हे वीसेक वर्षं चाललं. म्हणजे अमेरिकेतल्या कष्टाचं फळ बरंचसं बहामात जाऊन साठलं आणि अमेरिकेच्या जनगणनेत ते दिसणं शक्यच नव्हतं.

मग चित्रच पालटलं. १९५२ च्या अमेरिकन कायद्याने बहामासारख्या वसाहतींसाठी वर्षाला फक्त शंभर-शंभर व्हिसांची मर्यादा घातली. दुसरीकडे नासाऊत पर्यटन आणि बँकांचा धंदा वाढला, १९६७ मध्ये लिंडेन पिंडलिंग यांच्या पक्षाचं सरकार येऊन बहुसंख्य कृष्णवर्णीयांकडे सत्ता आली, १० जुलै १९७३ ला स्वातंत्र्य मिळालं. बहामियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला बांधलेला, वर इन्कम टॅक्स नाही. आज तिथलं दरडोई उत्पन्न तीस हजार डॉलरच्या पुढे आहे. एवढं असताना घर सोडून कोण जाईल? उलट हैतीमधून लोक बहामात मजुरीला येतात. आताचा बहामियन मायामीला जातो तो कॉलेजसाठी, हॉस्पिटलसाठी, खरेदीसाठी. त्यामुळे आज अमेरिकेत ‘बहामात जन्मलेले’ म्हणून जे मोजले जातात ते तसे थोडेच, आणि त्यांच्यावरून मरायह ब्राउनच्या वंशजांचं काय झालं ते कळत नाही. ती माणसं केव्हाच ‘आफ्रिकन अमेरिकन’ या रकान्यात मिसळून गेली.

आफ्रिकेची गोष्ट वेगळ्या दारापासून सुरू होते. १९६५ च्या कायद्याने देशागणिक कोटा गेला. त्याआधी पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्डे बेटांवरून व्हेलच्या शिकारीच्या जहाजांवरून मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड बंदरात आलेले सोडले तर स्वखुशीने येणारे आफ्रिकन अगदी थोडे. १९७० मध्ये आफ्रिकेत जन्मलेले अमेरिकेत ८० हजारांच्या आसपास होते, २०१५ पर्यंत ते २१ लाखांवर गेले. नायजेरियात सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा आला, सरकारने पोरांना स्कॉलरशिप देऊन अमेरिकन युनिव्हर्सिट्यांत पाठवलं, ती परत जाऊन मोठ्या हुद्द्यावर बसणार असा हिशोब होता, पण तेलाचे भाव पडले, १९८६ मध्ये तिथलं चलन नायरा घसरायला सोडलं आणि परत जाण्यात राम उरला नाही. ते राहिले. इथिओपियात १९७४ मध्ये सम्राटाला हटवून लष्कर आलं, लोक पळाले, १९८० च्या निर्वासित कायद्याने त्यांना वाट मिळाली आणि वॉशिंग्टनमध्ये त्यांची वस्ती वाढली. सोमालियाचं सरकार १९९१ मध्ये कोसळलं, छावण्यांमध्ये वर्षानुवर्षं काढून माणसं मिनेसोटात पोचली. सेनेगलच्या चलनाची किंमत जानेवारी १९९४ मध्ये एका झटक्यात निम्मी झाली आणि न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या ११६व्या रस्त्यावर त्यांची दुकानं वाढत गेली.

शिवाय १९९० च्या कायद्यातून व्हिसा लॉटरी आली. लॉटरी म्हटलं तरी त्यात बारावीपर्यंतचं शिक्षण किंवा ठरावीक कामाचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, म्हणजे चाळणी तिथेही आहेच. भारताला यात जागा नाही, कारण भारतातून आधीच ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त लोक जातात, आणि याच कारणाने २०१५ च्या लॉटरीपासून नायजेरियाही बाहेर पडला. आपण मराठी माणसं हे लगेच ओळखू, पुण्या-मुंबईहून व्हिसावर गेलेला इंजिनियर पाहून कोणी ‘भारतीय लोक असेच असतात’ म्हणालं तर आपल्याला माहीत असतं की तो आधीच चार चाळण्यांतून गाळून आलेला आहे. नायजेरियन डॉक्टरचं तेच. तिथून आलेल्या प्रौढांत निम्म्याहून जास्त पदवीधर आहेत. आता त्याच ‘आफ्रिकन’ रकान्यात छावणीत शाळा बुडालेली सोमाली आई बसवा आणि सरासरी काढा. निघेल एक आकडा, पण तो दोघांपैकी कोणाचाच नसेल.

त्यात ‘आफ्रिकेत जन्मलेले’ म्हणजे नुसते कृष्णवर्णीय असंही नाही. दक्षिण आफ्रिकेचे गोरे, इजिप्तचे डॉक्टर, इतकंच काय, नैरोबी-कंपालात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेला गेलेले गोवेकर आणि गुजरातीही जन्मस्थानाच्या हिशोबाने त्याच ओळीत येतात. कोणी टेबल दाखवलं की आधी हे विचारावं, मोजलंय कोणाला?

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेने २०१९ च्या आकड्यांवरून सांगितलं होतं की बाहेरून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचं मध्यक उत्पन्न (म्हणजे निम्मी कुटुंबं ज्याच्या वर आणि निम्मी खाली) ५७,२०० डॉलर, अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचं ४२,०००. हा फरक दाखवून कित्येक जण म्हणतात बघा, मेहनत केली तर होतं. पण त्या ४२ हजारवाल्यांत स्टिरपच्या शेजाऱ्यांची पणतवंडंही आहेत, आणि मेहनतीत ती माणसं कुठेच कमी नव्हती. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर त्यांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या, म्हणजे घरासाठी बँकेचं कर्ज मिळणं जवळपास बंद. १९६० च्या दशकात ओव्हरटाउनच्या, म्हणजे त्याच जुन्या ‘कलर्ड टाउन’च्या मधून महामार्ग काढला, घरं-दुकानं गेली, हजारो लोक उठले. नायजेरियन किंवा घानाचं कुटुंब आलं तेव्हा १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६८ चा घरांबाबतचा कायदा होऊन गेलेला होता, भेदभाव संपला नव्हता पण निदान उपनगरात घर घ्यायला कायदा आड येत नव्हता. ही वाट करून देणाऱ्यांत बहामियन वंशाचे थिओडोर गिब्सन होते, मायामीतले पाद्री, ज्यांनी NAACP या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या आपल्या संघटनेची सभासद यादी सरकारी चौकशी समितीला द्यायला नकार दिला आणि १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकले.

आफ्रिकनांना सगळं सोपं गेलं असंही नाही हं. तिकडची डिग्री इकडे निम्म्या किमतीची. समाजशास्त्रज्ञ नी-आमू डोडू यांनी १९९० च्या जनगणनेवरून १९९७ मध्ये दाखवलं की शिक्षण वगैरे सारखं धरलं तर कॅरिबियन पुरुष आफ्रिकन पुरुषांपेक्षा जास्त कमावतात, कारण आफ्रिकनांच्या पदवीला बाजारात तेवढा मोबदला मिळत नाही. मायदेशी मास्तर किंवा इंजिनियर असलेला माणूस वॉशिंग्टनला टॅक्सी चालवतो, आणि त्यातूनच घरी पैसे पाठवतो. जगभरातून नायजेरियात वर्षाला सुमारे २० अब्ज डॉलर असे येतात. महिन्याला तीनशे-चारशे डॉलर आईला जाणारं घर आणि न जाणारं घर, दोघांचं उत्पन्न कागदावर सारखं दिसलं तरी किराणा भरताना सारखं नसतं.

या दोन समाजांना जोडणारी एक गोष्ट मला फार आवडते. बहामात दहा-बारा जण दर आठवड्याला ठरलेली रक्कम काढतात आणि पाळीपाळीने सगळी रक्कम एकेकाला देतात, त्याला ‘आसू’ म्हणतात. आपली भिशीच. ब्रिटिश नौदलाने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन लोकांना १९व्या शतकात बहामात उतरवलं होतं, त्यात आजच्या नायजेरियाकडचे योरुबा लोक होते, आणि योरुबा भाषेत याच पद्धतीला ‘एसुसू’ म्हणतात. घानात सुसू, इथिओपियात इकुब. बँक दारात उभं करत नव्हती तेव्हा लोकांना आधार होता तो अशा भिशीचा. मिनेसोटातल्या सोमाली बायकाही असेच पैसे फिरवतात, व्याज नाही म्हणून धर्मालाही चालतं. हा पैसा उत्पन्नाच्या कुठल्याही टेबलात येत नाही.

कोकोनट ग्रोव्हमध्ये आता जमिनीचे भाव गगनाला भिडलेत, जुनी लाकडी घरं पाडून तिथे पांढरे चौकोनी बंगले उठतायत आणि ज्यांच्या पणजोबांनी ती जागा घेतली ते वारसांतल्या वाटण्या आणि टॅक्सच्या ओझ्याने विकून निघून जातायत. २०२० च्या जनगणनेच्या फॉर्मवर ‘कृष्णवर्णीय’ या चौकटीखाली मूळ लिहायला जागा होती आणि नमुन्यादाखल नावं छापली होती: आफ्रिकन अमेरिकन, जमैकन, हैतीयन, नायजेरियन, इथिओपियन, सोमाली. त्यात बहामियन नव्हतं.