संडासात रक्त दिसलं की ‘मूळव्याधच असणार’ हे ठरवतं कोण?

मे महिन्यात संडासात लाल दिसलं की आमच्या कोकणात पहिला दोष आंब्यावर जातो. उष्णता झाली, सब्जा घे, सुरण खा, मग कुणीतरी एसटी स्टँडजवळच्या ‘मूळव्याध, भगंदर, खात्रीशीर इलाज’ बोर्डाखालून पुडी आणून देतो आणि बघता बघता चार-सहा महिने निघून जातात. सुरणाला माझी ना नाही, फायबर जातं पोटात. आणि खरं सांगायचं तर असं रक्त बहुतेक वेळा मूळव्याधीचं किंवा फिशरचंच, म्हणजे गुदद्वाराला पडलेल्या चिरेचंच असतं. अंदाज बरेचदा बरोबर निघतो, म्हणून तर तो एखाद्याचा घात करतो, कारण मूळव्याध इतकी कॉमन आहे की ती असलेल्या माणसाला वर आतड्यात कॅन्सरही असू शकतो. एक सापडलं म्हणजे दुसरं नाही असं होत नाही.

मूळव्याधीतली रक्तवाहिन्यांची मऊ गादी मुळात प्रत्येकाला असते, गुदद्वार नीट बंद राहायला तिची मदत होते. कुंथून कुंथून, गरोदरपणात किंवा मोबाईल घेऊन तासभर बसून ती फुगते, खाली सरकते, मग आपण म्हणतो मोड आलाय. आतल्या मोडावरच्या आवरणाला दुखणं कळवणाऱ्या नसा नसतात, त्यामुळे रक्त लालभडक, कधी थेंब थेंब कधी पिचकारीसारखं, पण दुखत काही नाही. फिशरचं उलटं. तिथे खालच्या कातडीला चीर पडलेली असते, संडासला बसलं की काच फिरल्यासारखं होतं आणि पुढे तासन्तास ठणका, रक्त मात्र जेमतेम पुसण्यापुरतं. दुखतं म्हणून माणूस जायचं टाळतो, खडा होतो, चीर परत फाटते, हे चक्र तोडायला कोमट पाण्यात बसणं, भरपूर पाणी, इसबगोल आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं.

मग बाकीचं काय? आव पडून कळ येऊन रक्त पडतं ते इन्फेक्शनचं असू शकतं, पण आठवडेच्या आठवडे जुलाब, रक्त आणि वजन उतरत चाललंय तर अल्सरेटिव्ह कोलायटिससारखा, मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा होण्याचा आजार बघावा लागतो. लहान मुलाला न दुखता रक्त आलं तर बरेचदा एक साधा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला आलेला कोंब निघतो, तो कॅन्सर नसतो, पण दाखवायला हवंच. मोठ्या माणसातले काही पॉलिप मात्र साधारण १० वर्षांत हळूहळू कॅन्सरकडे जातात. म्हणजे वेळ असतो हातात, आणि तो आपण पुड्या खाण्यात घालवतो याचा मला राग येतो.

काळ्या संडासचं वेगळं सांगतो, कारण ते लोकांना रक्त वाटतच नाही. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वास मारणारी, पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहणारी. हे रक्त बहुतेक वेळा वरून, जठरातल्या अल्सरमधून येतं आणि पचत पचत काळं होतं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर पेनकिलर घेणाऱ्या आजी-आजोबांनी हे फार जपायला हवं. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते आणि बीट खाल्लं तर लालसर, तेव्हा आधी काय खाल्लं ते आठवा. चक्कर, घाम, रक्ताच्या गाठी, भसाभस रक्त, यातलं काही असेल तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन.

काही रक्त तर दिसतच नाही. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूचा कॅन्सर गुपचूप झिरपत राहतो, माणूस नुसता पांढरा पडतो, घाटी चढताना धाप लागते. पोफळीच्या बागेत अनवाणी काम करणाऱ्यांना हुकवर्म नावाचा जंत पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो, तोही असाच. त्यामुळे वयस्क माणसाचं हिमोग्लोबिन लोहाअभावी कमी आलं तर नुसत्या गोळ्या देऊन विषय संपवू नये.

तपासणीत लोक सगळ्यात घाबरतात ती बोटाने करायची तपासणी. डाव्या कुशीवर झोपवून, गुडघे पोटाशी घेऊन, ग्लोव्हला जेली लावून, मिनिटभराचं काम. लाज वाटते, बायकांना तर जास्तच, लेडी डॉक्टर मागून घ्या, पण न तपासता कुणी मूळव्याधीचं औषध लिहून देत असेल तर विचारा त्यांना, बघणार नाही का म्हणून. मग छोट्या नळीने प्रॉक्टोस्कोपी, हिमोग्लोबिन, गरजेप्रमाणे शौचाची तपासणी. वय पंचेचाळीसच्या पुढे, वजन उतरलंय, संडासची सवय बदललीय, रक्त थांबत नाही किंवा आई-वडील-भावंडांत कुणाला आतड्याचा कॅन्सर झालाय, तर कोलोनोस्कोपी. तिच्यात सगळं मोठं आतडं आतून दिसतं आणि पॉलिप असला तर बरेचदा तिथेच काढता येतो.

त्यासाठी आपल्याकडे बरेच जण मुंबई, कोल्हापूर नाहीतर गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला जातात. पोट साफ करायचं औषध पिऊन रात्रीच्या गाडीत बसू नका, हाल होतील. आदल्या दिवशीच पोचा, पाहुण्यांकडे किंवा लॉजवर, संडास हाताशी हवा, आणि शेवटी पिवळसर स्वच्छ पाणी पडेपर्यंत औषध संपवा, नाहीतर आत काही दिसत नाही आणि परत फेरी. लोहाच्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या ते विचारून घ्या. रक्त पातळ करायची गोळी मात्र मनाने बंद करू नका, ते डॉक्टर ठरवतील. पॉलिप काढला असेल तर बायोप्सीचा रिपोर्ट आणायला नक्की जा, तो कुठल्या जातीचा होता आणि केवढा होता यावर पुढची कोलोनोस्कोपी कधी करायची ते ठरतं.